भेग

आधी बरणी.
जॅमच्या रिकाम्या बरणीत मूठभर माती, वर पाणी,
झाकण लावून खळखळून हलवली
आणि रात्रभर खिडकीत ठेवली.
सकाळी थर दिसले: तळाला वाळू, मधे गाळ,
वर बोटभर चिकणमाती,
आणि निवळलेल्या पाण्यात मुंगीचा एक पाय.
म्हातारा सिरिलो बरणी उन्हात धरून म्हणाला,
जमेल. थोडी वाळू ओढ्यातून आण.
एका दमात इतकं बोललेला तो
मी पुन्हा कधी ऐकला नाही.

मग फाकुंदो आणि मी, विजारी गुडघ्यांवर,
गव्हाचं काड टाकत चिखल तुडवत राहिलो.
पूर्ण एप्रिल, अर्धा मे.
इथे तेव्हा थंडी डोंगर उतरू लागते;
पहाटेचा चिखल घोट्याला चावतो.
दोन हजारांवर विटा थापल्या.
आडव्या वाळवल्या, मग उभ्या केल्या.
शेजारच्या बकऱ्यांनी साठ तुडवल्या.
एकीवर खूर स्पष्ट उमटलाय,
ती मी मुद्दाम चुलीमागे बसवली.

कॉर्दोबाहून आईचा फोन:
"मातीच्या घरातून पळून मी पक्क्या घरात आले.
तीस वर्षं लोकांच्या फरश्या पुसल्या त्यासाठी.
आणि तू पैसे मोजून चिखलात चाललीस?"

काय सांगणार?
थंडीत ऊब धरतं, उन्हाळ्यात गार राहतं,
हे तिला माझ्याआधीपासून ठाऊक.
आणखीही ठाऊक:
दिवा विझला की भिंतीच्या भेगांतून
विंचुका उतरायचे,
झोपलेल्या पोरांच्या ओठांशी बसून रक्त प्यायचे.
आठ भावंडांत त्रान्सितोमामा सगळ्यात तगडा.
एकतिसाव्या वर्षी मक्याच्या सरीत टेकला
तो उठलाच नाही.
डॉक्टर म्हणाले, काळीज भोपळ्याएवढं झालं होतं.
गाव म्हणालं,
मोठ्या मनाचाच होता तो.

म्हणून मी पाण्याच्या पाळीबद्दल बोलले.
मंगळवारी रात्री दोन ते चार पाट आपला.
बॅटरी घेऊन जायचं, फावड्यानं बारं मोडायचं,
आधी भोपळे, मग पीचची पाच रोपं,
उरलं तर मका.
"झोपेत पाय घसरेल," आई म्हणाली,
आणि फोन ठेवला.

नोव्हेंबरात गिलावा.
निवडुंगाची पानं चिरून तीन दिवस भिजत घातली.
त्यांचा बुळबुळीत चीक, चुना, चाळलेली वाळू.
चुन्यानं फाकुंदोचे तळवे सोलले,
तो आठवडाभर चमचा मुठीत धरून जेवला.
तरी उत्तरेच्या भिंतीवर, जिथे दिवसभर ऊन असतं,
केसाएवढ्या रेषा उठायच्याच.
मी बुजवायचे. दुसरीकडे उठायच्या.

नाताळाच्या आठ दिवस आधी आई आली.
बसमधून उतरली ती काखेत घडीची खाट घेऊन.
"मी बाहेर झोपेन."
अल्गारोबोच्या झाडाखाली खाट टाकली.
भोपळे पाहिले, कोंबड्या मोजल्या,
जेवणही उंबऱ्याबाहेर.
भिंतीकडे पाहिलंच नाही तिनं,
जसं पैसे बुडवलेल्या नातेवाइकाकडे लग्नात पाहत नाहीत.

मंगळवारी पाणी लावून परतले,
चार वाजून गेलेले,
तर घरात उजेड हलत होता.
झोपण्याच्या झग्यात आई,
टॉर्च भिंतीला गाल लावल्यासारखा आडवा धरलेला
आणि दुसऱ्या हाताचं एक बोट
गिलाव्यावरून सावकाश सरकतंय.
खिडकीखाली, डावीकडे, थांबलं.
"इथे."
मला दिसेना. तिनं माझं बोट धरून टेकवलं.
नख अडकलं.

"चीक उरलाय का?"

मी डबा आणला. ती गुडघ्यांवर बसली,
अंगठ्यानं दाबत, पुसत, पुन्हा दाबत राहिली.
"लहानपणी हे काम माझ्याकडे," ती म्हणाली.
"त्रान्सितो दिवा धरायचा.
त्याला फार झोप यायची.
दिवा हलायचा."

मी टॉर्च धरला.
पायावरचा पाटाचा चिखल वाळून तडकत होता,
तरी हलले नाही.

उजाडता उजाडता ती उठली, हात धुतले,
भिंतीवर एकदा थाप मारली
आणि बाहेर खाटेवर जाऊन आडवी झाली.
आत ये, असं मी म्हणाले नाही.
दार मात्र लावलं नाही.